मी वाढवलेली ओळ

हातखंब्याच्या पोस्टात मी सहा वर्षं कारकून होतो. त्या काळात दुसऱ्यांसाठी किती पत्रं लिहिली याचा हिशेब नाही. मुंबईला गिरणीत असलेल्या नवऱ्यांना, आखातात गेलेल्या मुलांना, भांडून वेगळ्या झालेल्या भावांना. सांगणारा समोर बसायचा, मी लिहायचो, शेवटी वाचून दाखवायचो. त्यातलं एक पत्र मात्र मी वाचून दाखवलं तेव्हा पूर्ण वाचलं नाही.

ते पत्र सारंगांचं होतं. तीस वर्षं ते मालवाहू बोटींवर होते, आणि खलाशांचा मुकादम, म्हणजे सारंग, होऊन निवृत्त झाले. गावात त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं कुणी हाक मारत नसे. गुडघे गेल्यावर त्यांनी रत्नागिरीकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी पंक्चरचं दुकान टाकलं. दुकानापुढच्या बाकड्यावर रोज संध्याकाळी पोस्ट बंद झालं की मी जाऊन बसायचो. तिसरे यायचे ते गुरुजी. जवळच्या वाडीतल्या शाळेत ते शिकवत. बौद्ध घरातले, घराण्यात पहिले शिकलेले. इंग्रजी सुधारावं म्हणून त्यांनी परदेशी स्टेशनं लागणारा रेडिओ घेतला होता. गुरुजींना पाणी द्यायचं तर भांडं न टेकवता वरून ओतणारी घरं तेव्हाही आसपास होती. सारंगांच्या बाकड्यावर तसलं काही नव्हतं. चहाचे तीन ग्लास यायचे, ज्याच्या हाताला जो लागेल तो त्याचा.

आणि तिथे बोलणं चालायचं ते युरोपातल्या फुटबॉलचं. आज सांगितलं तर लोक हसतात. आमच्यापैकी सारंग सोडून कुणी धड मॅच पाहिलेली नव्हती. पण सारंगांनी इंग्लंड, हॉलंड, इटलीच्या बंदरांत बोट लागली की स्टेडियमात उभं राहून मॅची पाहिल्या होत्या, आणि गुरुजी रेडिओवर ऐकलेलं शब्दन् शब्द सांगायचे. आम्हाला वेड होतं ते क्लबांच्या मोठ्या कपाचं. एक सामना आपल्या मैदानावर, एक परक्या मैदानावर, आणि हरला तो थेट घरी. रॉटरडॅमच्या फायनलमध्ये नवव्या-दहाव्या मिनिटाला गोलकीपर दुखावला आणि बदली आलेल्या नवख्या पोरानं शेवटपर्यंत एक गोल होऊ दिला नाही, ही गोष्ट गुरुजींनी निदान वीस वेळा सांगितली असेल. रोमच्या फायनलमध्ये पेनल्टीच्या वेळी इंग्रजी संघाचा गोलकीपर मुद्दाम पाय लटपटवत उभा राहिला आणि समोरच्यानं चेंडू बारवरून मारला, ते सारंग दुखऱ्या गुडघ्यांनी करून दाखवायचे. ट्रकवाले टायर विसरून बघत राहायचे.

सारंगांचा एकुलता मुलगा बापामागे बोटीवर गेला होता. तेविसाव्या वर्षी. १९८५च्या एप्रिलअखेर त्याचं पत्र आलं. बोट अँटवर्पला दुरुस्तीसाठी गोदीत घातली होती, मे अखेरपर्यंत हलणार नव्हती. फायनल ब्रुसेल्सला, आगगाडीनं तासाभराच्या अंतरावर. गोदीतला एक ओळखीचा कामगार त्याला तिकीट मिळवून देणार होता. पण पुढे त्यानं लिहिलं होतं की, इंग्रज पोरं पिऊन दंगा करतात असं इथले लोक म्हणतात, मला एवढ्या गर्दीत जायचं मन होत नाही, बाबा तुम्ही काय म्हणता.

पत्र मीच वाचून दाखवलं. सारंगांचा चेहरा फुलला आणि मग जरा उतरला. दुसऱ्या दिवशी ते उत्तर लिहून घ्यायला पोस्टात आले. आईची तब्येत, कलमांना या वर्षी लागलेले आंबे, घराची कौलं परतायची आहेत, असं सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "मॅचचा लिवा, तुझा तू बघ. जपून ऱ्हा. एवढाच लिवा."

मी तेवढंच लिहिलं. ते पाकिटासाठी डिंकाची बाटली आणायला उठले तेव्हा खाली थोडी जागा उरलेली मला दिसली. त्या जागेत मी लिहिलं, "संधी सोडू नकोस. आमच्या तिघांच्या वतीनं बघ आणि सगळं सविस्तर कळव." वाचून दाखवताना ती ओळ मी गाळली. मनात वाईट काही नव्हतं. मला ती मॅच बघणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकायची होती, इतकंच.

मे महिन्याच्या अखेरीस फायनल झाली. शाळेला सुट्टी होती, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी पोस्ट उघडायच्या आधीच दारात उभे होते. रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. आत येऊन त्यांनी हळू आवाजात सांगितलं की, मॅच सुरू व्हायच्या आधी इंग्रज प्रेक्षक शेजारच्या भागात घुसले, लोक पळत भिंतीकडे दाबले गेले, भिंत कोसळली. तीस-चाळीस माणसं मेली असं रेडिओ सांगतोय. जास्त करून इटलीची. बाकीच्यांची नावं नाहीत.

मी विचारलं, "आणि मॅच?"

"झाली," गुरुजी म्हणाले. "तरी खेळवली."

आम्ही ठरवत होतो की सारंगांना कसं सांगायचं, तेवढ्यात सारंगच आले. आंब्याच्या पेट्यांचे ट्रक पहाटेपासून सुरू होते, हात काळे झालेले होते, तसेच ते दुकान सोडून आले होते. त्यांचा चेहरा पाहून मला कळलं की त्यांना काहीच ठाऊक नाही. त्यांनी विचारलं, काय झाला रात्री?

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "एक-शून्य. इटलीवाले जिंकले. पेनल्टीवर."

आणि मग आम्ही तिघं पाऊण तास पेनल्टीवर बोललो. गुरुजींनी रेडिओवर ऐकलं होतं की इटलीच्या संघाचा खेळाडू पडला तो रेषेच्या बाहेर, पेनल्टी द्यायलाच नको होती. सारंग म्हणाले, पंच लांब असेल तर त्याला पाय कुठे लागला ते दिसत नाही. त्यांनी टपालाच्या टेबलावर माझा शिक्का, डिंकाची बाटली आणि सुतळीचं बंडल मांडून मैदान केलं, पंचाला कुठे उभं राहायला हवं होतं ते दाखवलं. मी वाद घातला. खरोखर घातला, आवाज चढवून. एका क्षणी मी विसरलोसुद्धा. जाताना सारंग खुशीत म्हणाले की आता पोराचं पत्र आलं की खेळाडू रेषेच्या बाहेर पडला का आत ते पक्कं कळेल.

आम्हाला वाटत होतं की दिवसभरात आणखी काही बातमी येईल, मग सांगू. संध्याकाळी आम्ही दोघंही बाकड्यावर गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईच्या गाडीनं पेपर आले. एका ट्रक ड्रायव्हरनं पेपर पंक्चरच्या दुकानात उघडला. पहिल्या पानावर फोटो होता. सारंगांना वाचायला जेमतेम येई, पण फोटो बघायला वाचता यायची गरज नव्हती. ते पेपर हातात घेऊन भर उन्हात पोस्टात आले. खिडकीपाशी चारपाच माणसं मनीऑर्डरसाठी उभी होती. त्यांच्या मागे ते रांगेत उभे राहिले. पाळी आली तेव्हा पेपर माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "तुमाला काल ठाव व्हता."

मी हो म्हणालो.

मी मुंबईच्या बोट कंपनीच्या एजंटला ट्रंककॉल लावला. दोन तासांनी लागला. पलीकडचा माणूस म्हणाला की बोट दुरुस्त होऊन गोदीतून निघाली आहे, बोटीवर कोण कोण आहे ती यादी आमच्याकडे येत नाही, वाईट बातमी असती तर आली असती. सारंगांनी ते दोनदा विचारून घेतलं आणि घरी गेले.

त्यानंतर एकोणीस दिवस ते रोज सकाळी टपालाची थैली फुटायच्या वेळेला येत. दुकान बंदच होतं. मी सील तोडायचो, पत्रं टेबलावर पालथी करायचो, ते उभ्या उभ्या बघायचे. विमानाच्या टपालाचं निळ्या-तांबड्या काठाचं पाकीट दिसलं की ते टेबलावर पुढे वाकायचे. दोनदा तशी पाकिटं आली, दोन्ही आखातातली. त्यांच्या बायकोनं त्या दिवसांत चूल पेटवली नाही असं शेजारणी सांगत, त्याच तिथे भाकरी पोचवायच्या. त्या एकोणीस दिवसांत मी रोज ठरवायचो की ती ओळ सांगून टाकावी, आणि रोज पुढे ढकलायचो. पत्र आलं तर सांगायची गरज पडणार नाही, असं मनाशी म्हणायचो.

विसाव्या दिवशी पत्र आलं. अक्षर मी थैलीतच ओळखलं. तीन ओळी होत्या. मी खुशाल आहे. मॅचला गेलो होतो. बाकी आल्यावर. सारंगांनी पत्र कपाळाला लावलं आणि तिथेच फरशीवर बसले. संध्याकाळी त्यांच्या बायकोनं वाडीत साखर वाटली. आम्हाला वाटलं, संपलं.

गणपतीच्या आधी आठवडाभर मुलगा आला. दिसायला तसाच होता, थोडा वाळलेला. पण एसटीनं शेवटपर्यंत आला नाही. मुंबईहून येताना गाडीत माणसं दाटली तसा मध्येच उतरला आणि पुढचं अंतर मिळेल त्या ट्रकच्या मागच्या उघड्या भागात उभा राहून तोडत आला. घरी गणपतीची आरती सुरू झाली आणि तीसचाळीस माणसं ओटीवर जमली, तेव्हा तो मागच्या दारानं परसात निघून गेला. सारंगांनी त्याला बाकड्यावर आणून बसवलं. एका ट्रकवाल्यानं सहज विचारलं की तू तिथे होतास म्हणे, ती पेनल्टी आतली का बाहेरची? तो उठला आणि रस्ता ओलांडून गेला. सारंग मान खाली घालून टायर घासत राहिले.

दोन दिवसांनी दुपारी पोस्टात कुणी नसताना तो आला. दार उघडंच राहू द्या म्हणाला, आणि उंबऱ्याजवळ बसला. मी विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं. त्याचं तिकीट भिंतीकडच्या भागातलं होतं. गर्दी सरकली तेव्हा त्याचे पाय जमिनीवर नव्हते. खाली एक वयस्क इटालियन माणूस पडला होता, त्यानं याचा हात धरला. यानंही धरला. किती वेळ ते त्याला ठाऊक नाही. मग याचा स्वतःचा श्वास बंद व्हायला लागला.

"मी हात सोडवून घेतला," तो म्हणाला. "त्यानं सोडला नव्हता. मी सोडवला."

नंतर त्याला कुणीतरी मैदानाकडे ओढून काढलं. धावपट्टीच्या कडेला गवतावर तो बसला होता. लोक कठड्याचे तुकडे उचलून त्यांवरून माणसं नेत होते. त्यानंतर बऱ्याच वेळानं मॅच सुरू झाली. त्याची पाठ मैदानाकडे होती. गोल झाला तो त्याला ओरड्यावरून कळला.

मग तो म्हणाला, "मास्तर, पत्रातली शेवटची ओळ तुमची ना? बाबा सविस्तर असा शब्द बोलत नाहीत."

मी मान डोलावली. त्याचा आवाज चढला नाही. तो म्हणाला की जायचं माझ्या मनात अर्धं होतंच, तुम्हाला दोष देत नाही. पण बाबा रात्रंदिवस स्वतःला खातात. त्यांना वाटतं, त्यांच्या गोष्टी ऐकून मी गेलो. त्यांना तुम्ही सांगा.

मी सांगतो म्हणालो, आणि दोन वर्षं सांगितलं नाही.

त्या दोन वर्षांत मुलगा पुन्हा बोटीवर गेला नाही. दुकान तो बघू लागला. गुरुजींची बदली मंडणगडला झाली. जायच्या आधी ते निरोप घ्यायला बाकड्यावर आले तेव्हा फुटबॉलचं नाव कुणी काढलं नाही. सारंग एकटेच कडेला बसलेले असत. मी गेलो की चहा मागवत, पण बोलणं पावसापाण्याचं. एकदा ते अचानक म्हणाले की मी लहानपणी त्याला मांडीवर घेऊन त्या मॅचींच्या गोष्टी सांगायला नको होत्या.

तेव्हा मी सांगितलं. तुम्ही 'जपून ऱ्हा' एवढंच सांगितलं होतंत, 'जा' असं मी लिहिलं, तुम्हाला न वाचून दाखवता.

सारंगांनी विचारलं, "त्याला ठाव हाय?"

"पहिल्यापासून. त्यानंच मला सांगा म्हटलं होतं. दोन वर्षांपूर्वी."

"दोन वर्सा," ते म्हणाले. "आनि तुमी रोज हितं बसून माझ्यासंगती चाय पीत व्हता."

त्यानंतर ते पोस्टात आले नाहीत. पत्र लिहायचं असलं तर मुलाकडून लिहून घेत. बाकड्याजवळून मी गेलो तर मान वळवत नसत, शिवीही देत नसत. वर्षभरानं माझी बदली चिपळूणला झाली. जाताना मी दुकानापाशी उभा राहिलो. मुलगा बाहेर येऊन दोन शब्द बोलला, सारंग आत बसून राहिले.

चिपळूणला असतानाच सारंग गेल्याचा निरोप मला आला. मिळेल त्या गाडीनं मी पोचलो तेव्हा तिरडी अंगणातून निघत होती. सारी वाडी लोटली होती. पाणंद अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी गडगे, आणि त्यात माणसं खांद्याला खांदा लावून चाललेली. मुलानं पुढे मडकं धरून चालायचं, पण तो त्या पाणंदीत शिरेना. चुलत्यानं मडकं घेतलं. लोक कुजबुजत होते, एकानं तर तोंडावर सुनावलं की बापाला शेवटचंही पोचवत नाही. सगळे पुढे जाऊन मोकळं होईपर्यंत तो गडग्याला टेकून उभा राहिला, मग चालू लागला. मी त्याच्यासोबत झालो. शंभरेक पावलं अंतर ठेवून आम्ही स्मशानापर्यंत गेलो, आणि सगळे बाजूला झाल्यावर त्यानं अग्नी दिला.