मुठीची खडखड

ताराचंद यांचा हात इतवारी बाजारातल्या पितळेच्या भांड्यांवर घडला. आधी मठारायचं, म्हणजे हातोडीचे बारीक ठोके एकसारखे बसवायचे, आणि मग आरसा होईपर्यंत घासायचं. निवृत्त झाले तरी घरातला नळसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटत नसे.

मुलगी भैरवी बेसा भागात जपानी तलवारबाजी शिकायची. तिनं सरावाची एक जुनी तलवार घेतली. धार नसलेली, गंजलेली, मुठीवरची दोरी फाटलेली. रविवारी वर्गाचं जाहीर प्रात्यक्षिक होतं. शिकवणाऱ्या स्वानंद सरांनी बजावलं होतं, मूठ जराही हलली तर ती तलवार बाहेर. पातं सुटून कोणाच्या अंगावर गेलं तर?

"बाबा, तुमच्याच्यानं होईल?"

"भांड्यावानीच तर आहे वं."

ताराचंदांनी पात्याचा गंज उतरवला. पातं आणि मूठ यांच्यामधली चकती जाड पितळेतून नवी कापली, तिच्यावर मठार उठवला. देखणी झाली. मग पात्याचं मुठीत जाणारं टोक हाती आलं. काळं, खडबडीत. ते कसले सोडतात! घासून तेही चांदीसारखं केलं. मूठ चढवली, हलवली.

खडखड.

त्यांची बायको जिजाबाई मटकी निवडत होत्या. "काहून जी, आतलं टोक चमकवलं? कोणाले दिसते ते?"

"घाण होती."

"त्या घाणीनंच तं धरून ठेवलं होतं!"

बायकोचं खरं होतं. जन्मभराच्या सवयीनं घात केला होता.

"सरस लावून चिकटवून टाका ना," भैरवी म्हणाली.

"मग उद्या साफ कराले कशी काढशीन? सरस म्हणजे आळशाचं काम."

त्यांनी वाळलेला बांबू फोडला आणि मुठीच्या आत बसवायला पातळ चिपा तासायला घेतल्या. चीप घालायची, मूठ चढवायची, हलवायची, पुन्हा काढायची. जाड झाली की मूठ चढेना, पातळ झाली की वाजे. चिपांचा ढीग पडला. जिजाबाईंनी तो पेटवून त्यावर चहा करून घेतला. शेवटी एक चीप अशी बसली की मूठ लाकडी हातोडीनं ठोकूनच चढवावी लागली. आरपार बांबूचीच खुंटी मारली. वरून भैरवीनं निवडलेली मरून दोरी आवळली. बोटांची सालं निघाली, पण एक वेढा सैल पडला म्हणून सगळी उकलून पुन्हा गुंडाळली.

रविवारी सरांनी तलवार एका हातात धरली, दुसऱ्या हाताचा बुक्का त्याच मनगटावर हाणला आणि खडखड होते का म्हणून कान दिला. पुन्हा हाणला, जोरात.

"भैरवी, ये."

तिनं पहिलाच वार असा उतरवला की पुढच्या रांगेतली माणसं मागे सरली. पातं सपकन गेलं आणि जिथं थांबवलं तिथंच थांबलं. टाळ्या सुरू झाल्या. ताराचंद उठून उभे राहिले आणि शेजारच्या अनोळखी माणसाला त्यांनी कोपरानं ढोसलं.

"पात्याशिवाय काही वाजलं का जी?"

"नाही बा. काहून?"

"मूठ म्या बसवली!"