सवड असली तर येऊन जा

बडोद्याला शिकायला निघालो तेव्हा आई तापीच्या घाटापर्यंत आली होती. मी नावेत बसलो तशी म्हणाली, "ध्यान दीसन शिकजो. मन्ही काळजी करू नको." ही आज्ञा मात्र मी तंतोतंत पाळली.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या गाव सोडून गेलेल्यांनो, आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. दूरच्या माणसाला दुखणं कागदावर कळवायचं नाही, अशुभ म्हणतात. फक्त लिहायचं, "सवड असली तर येऊन जा." आत्याच्या गावाहून असा कागद आला तेव्हा वडील जुंपलेलं औत शेतात तसंच टाकून गेले होते. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं.

बडोद्याच्या वसतिगृहात मॅट्रिकची तयारी चालली होती. दुसऱ्याचं बोलणं इंग्रजीत आपल्या तोंडून सांगायचं आणि जर-तरची वाक्यं, या दोन्हींनी मला रडकुंडीला आणलं होतं. मास्तर म्हणायचे, रोजच्या बोलण्यातली वाक्यं घेऊन सराव करा. त्याच सुमारास गावच्या गुरुजींच्या हातचं पत्र आलं: तुझी आई म्हणते, सवड असली तर येऊन जा. मला आयतंच वाक्य मिळालं! वहीत लिहिलं, 'मदर सेड दॅट आय शुड कम इफ आय हॅड टाइम.' मास्तरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. मी फुशारलो, आणि परीक्षा झाली की येतो असं घरी कळवून टाकलं.

परीक्षा देऊन पोचलो तेव्हा आईला जाऊन चार दिवस झाले होते. वडिलांनी एवढंच विचारलं, "कागद भेटना नही का रे?"

"भेटना," मी म्हणालो; मिळाला तर होताच. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते उठून गुरांना पाणी पाजायला गेले.

पुढे मी बडोद्यातच इंग्रजीचा मास्तर झालो. माझी मुलं गुजराती बोलतात, घरी आम्ही पुस्तकी मराठी. घर कुठलं, असं कोणी विचारलं तर अजून तापीकाठचं सारंगखेडाच सांगतो. काही वर्षांनी वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा धाकट्या भावाची तार आली: वडील फार आजारी, ताबडतोब ये. मी पहिल्या गाडीने निघालो, त्यांची भेटही झाली.

बहिणीला सासरी नेहमीचं, 'सवड असली तर येऊन जा' एवढंच पत्र गेलं होतं. ती माझ्या आधी येऊन बसली होती. तार फक्त मला, परक्या माणसाला करतात तशी.