दोरीला हात लावणारा फादर

पृथ्वीच्या पाठीवर जिथे जिथे माणसं राहतात, तिथे तिथे आमच्या शेजारणीच्या धाकट्या मुलाच्या ओळखीचं निदान एक तरी घर असणारच, असं माझं ठाम मत आहे. वय तेहेतीस, अंगानं काटकुळा, पायात कायम रबरी चपला. धर्मगुरू होऊन तो आफ्रिकेतल्या एका मोठ्या तळ्याकाठी मिशनच्या कामाला गेला, त्याला सहा वर्षं झाली. शाळेत त्याला भूगोल मी शिकवला. नकाशात त्याला कधी स्वतःचा जिल्हा धड दाखवता आला नाही, आणि आता हा माणूस तीन विमानं बदलून, वर दोन दिवस ट्रकमध्ये मक्याच्या पोत्यांवर बसून कामावर पोचतो. माझ्या शिकवण्याबद्दल यातून काय समजायचं ते वाचकांनी समजावं.

सरळ रस्त्यानं जाणं त्याच्या कुंडलीतच नाही. गेल्या मे महिन्यात रजेवर आला होता, तेव्हा बांद्याच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारची मिसा सांगायला म्हणून सकाळच्या एसटीनं मालवणाहून निघाला. सोबत मी. वाटेत एक म्हातारी दोन फणस सांभाळत उतरू लागली, तर हा त्यातला एक खांद्यावर घेऊन तिच्यामागून खाली. दुसरा अर्थातच माझ्या खांद्यावर आला. फणस घरी पोचले, तिच्या आजारी दिराची विचारपूस झाली, चहा झाला, दिरासाठी प्रार्थना झाली, आणि बांद्याला आम्ही पोचलो तेव्हा अख्खी इगर्ज बाहेर येऊन रस्त्याकडे डोळे लावून उभी होती. "माफ करा, वाटेत एक घर लागला," एवढंच त्यानं सांगितलं. लोक हसत हसत आत गेले. त्याच्यावर रागावणं कुणाला जमत नाही. मी बत्तीस वर्षं मास्तरकी केली, मलाही जमलेलं नाही.

त्याच्या बॅगेत एक बायबल, दोन पांढरे झगे आणि उरलेल्या सगळ्या जागेत सुके बांगडे, सुकट आणि कोकमाची सोलं असतात. एका विमानतळावर ती बॅग उघडायला लावली, तेव्हा मागची रांग आपोआप चार पावलं मागे सरकली म्हणे. दुसरा एखादा घाबरला असता. हा त्या अधिकाऱ्याला सुका बांगडा निखाऱ्यावर कसा भाजावा ते समजावत बसला. अधिकाऱ्यानं निम्मे बांगडे ठेवून घेतले, ते नियमापोटी की चवीपोटी हे फादरला अजून कळलेलं नाही. दर नाताळात तो त्या अधिकाऱ्यासाठीही प्रार्थना करतो.

मे महिन्यातली ही रजा मात्र नेहमीसारखी नव्हती. मिशनच्या वरिष्ठांनी त्याला विचारलं होतं, पुन्हा सहा वर्षं तळ्याकाठी जातोस की आपल्याच जिल्ह्यात एखादी इगर्ज सांभाळतोस? उत्तर शनिवारपर्यंत द्यायचं होतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, थोरली बहीण लग्न होऊन गोव्यात, आणि त्याची आई घरात एकटी. सारी वाडी तिला बाय म्हणते. बायचे गुडघे असे की विहिरीपर्यंत जायचं तर वाटेत दोनदा बसावं लागतं. पण मुलाला ती एका शब्दानं 'राहा' म्हणेना. मला कुंपणाशी बोलावून म्हणाली, "मास्तरानू, माका तेका अडवूचा नाय. पण तुमी जरा सांगून बघा. तुमचा तो आयकता." माझं ऐकणारा असता, तर बांद्याला आम्ही वेळेवर पोचलो नसतो का? पण तिचा चेहरा बघून मी हो म्हणालो.

शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर त्यांच्या पडवीत मी विषय काढला. गुडघे, वय, एकटेपण, सगळं क्रमानं मांडलं. बाय उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होती, म्हणजे निवडलेलेच पुन्हा निवडत होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मास्तरानू," तो म्हणाला, "थंय मी एक घोटाळो करून ठेवलंय."

घोटाळा असा. आपल्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना जो कुणी दोरीला हात लावील, त्याला मासळीचा वाटा मिळतो. तू कोण, कुठला, हे कुणी विचारत नाही. तिकडे याच्या पहिल्या रविवारी मिसेला माणसं आली सात. बाकीचं गाव तळ्यावर जाळं ओढत होतं. यानं मिसा संपवली, झगा कमरेला खोचला, आणि जाऊन दोरी धरली. नुसती धरली नाही, मालवणच्या सवयीनं आरोळ्याही ठोकू लागला. सगळे एकदम थांबले. त्या गावात दोरीला हात फक्त घरच्या माणसानं लावायचा. परक्यानं लावला, तर तो घरात घ्या म्हणतोय असा अर्थ होतो. त्यांची आपसात बरीच बोलणी झाली. अखेर त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा माणूस खो खो हसत सुटला, यानं धरलीच आहे तर आता हा आपला, असं त्यानं सांगून टाकलं आणि मासळीची टोपली याच्यापुढे ठेवली. वाटा घरी न्यायचा असतो, तुझं घर कुठे, असं त्यानं विचारलं. यानं सांगितलं, घर लांब आहे, घरात माय एकटी असते.

"मगे तेनी ठरवल्यानी, तुझी माय लांब आसा तर हयच एक माय देवया," तो म्हणाला. गावाच्या टोकाला एक निपुत्रिक म्हातारी राहत होती. तेव्हापासून याचा वाटा बायच्या नावानं त्या म्हातारीकडे जातो. रीत अशी की ज्यानं दोरी ओढली, त्यानंच तो नेऊन द्यायचा. "मी दोरी सोडलंय, तर तिचो वाटो बंद," असं म्हणून तो खाली बघत बसला.

बायचे हात सुपात थांबले होते.

"सहा वर्सां ती माझ्या नावान जेवता, आनि तू माका आज सांगतंस?"

"तुका वायट वाटात म्हणान, माय."

तिनं सूप खाली ठेवलं. मग तिनं विचारलं, "दात आसत तिका?"

"दोन."

"मगे काटे काढून दी तिका. नुसती टोपली ठेवन येव नको." आणि सूप उचलता उचलता म्हणाली, "शनवाराची वाट कित्याक बघतंस? आजच कळय तेंका."

तो पुन्हा तळ्याकाठी गेला. स्टँडवर बाय अजिबात रडली नाही. मी रडलो, आणि ती मला भर गर्दीत रागे भरली. हल्ली सकाळी तिचं पाणी मी भरून देतो, ती नको म्हणते तरी. आमचा विद्यार्थी केवढ्या मोठ्या कामाला गेलाय, हे मी भेटेल त्याला छाती फुगवून सांगतो, आणि ते खरंच आहे. पण तो इथे हवा होता. बायला हवा होता, आणि आता लपवण्यात काय अर्थ, मलाही हवा होता.