आबांच्या ओसरीवरची मॉस्कोची रांग

आमचे वडील, आबा, वारले त्या दिवशी त्यांना बघायला मोठी रांग लागली होती, आणि ती लावायचं शिक्षण मी थेट मॉस्कोहून घेऊन आलो होतो.

रशियाला मी गेलो तो काही कर्तबगारीवर नव्हे. शेतकऱ्यांचं एक शिष्टमंडळ तिकडे निघालं होतं. त्यातल्या एकाला ऐनवेळी कावीळ झाली आणि जागा फुकट जाऊ नये म्हणून माझं नाव घुसवलं गेलं. (त्या कावीळवाल्याने पुढे जन्मभर मला रामराम घातला नाही.) नेलं होतं शेती बघायला, पण जिकडे बघावं तिकडे बर्फ. शेती बर्फाखाली झोपलेली. तेव्हा त्या भल्या माणसांनी आम्हाला शहरंच दाखवली, मॉस्को आणि लेनिनग्राड.

परत आलो तेव्हा आबांच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं होतं. जीभ तेवढी शाबूत होती. शिरूरच्या आमच्या घराची ओसरी आणि समोरचा लिंब, एवढंच त्यांचं जग उरलं होतं. दुपारचं जेवण झालं की मला शेजारी बसवून घ्यायचे.

"सांग, काय काय बघितलंस."

मी सांगायचो. क्रेमलिन नावाचा लाल भिंतींचा किल्ला. त्यात खोलीएवढी घंटा, ती एकदाही वाजलेली नाही. जवळच भलीमोठी तोफ, ती लढाईत कधी उडालेली नाही.

"मंग ठिवल्यात कशाला?"

"लोकांनी बघायला."

"आपल्या मामलेदारावानी," आबा म्हणाले.

जमिनीखालून धावणारी रेल्वे आणि तिच्या स्टेशनातली झुंबरं त्यांना आवडली. लेनिनग्राडचा राजवाडा आणि त्यातली चित्रंही आवडली. मग मी किल्ल्यातल्या चर्चवर आलो. तिथे जुन्या राजांची थडगी ओळीनं मांडलेली. पुढे लेनिनग्राडला, लढाईत वेढा पडून उपासमारीनं मेलेल्यांचं मैदान, नजर पोचेपर्यंत नुसती थडगी. संध्याकाळी करमणूक म्हणून नाच दाखवला, तर त्यातली नाचणारी बाईसुद्धा शेवटी मेली.

"आरं, तिकडं जित्ती माणसं कुठं ठिवत्यात?" आबांनी विचारलं.

मग मी त्यांना मॉस्कोतलं सगळ्यात मोठं आकर्षण सांगितलं. त्यांचा थोर पुढारी मेल्यावर जाळला नाही, पुरला नाही, काचेच्या पेटीत ठेवलाय. त्याला बघायला बर्फात ही एवढी रांग. डोक्यावरचं काढायचं, एका बाजूनं शिरायचं, दुसऱ्या बाजूनं निघायचं. थांबायचं नाही, बोलायचं नाही, रडायचं नाही.

आबांनी मान माझ्याकडे वळवली.

"म्हंजी ठिवलाय त्याला," ते म्हणाले. "ज्याला यिऊन बघायचंय त्याच्यासाठी."

"असंच म्हणायचं."

"इनामगावात ते पुण्याचे लोक जुनं गाव खणाय आलेत न्हवं? म्हणत्यात, जुनी माणसं मेलेली पोरं घरातच पुरायची, रांजणात घालून. रशियावाले काचंत ठिवत्यात. आपुनच एवढे घाईचे. जीव गेला की चला, उरका."

हे ते कुणाविषयी बोलत होते ते मला ठाऊक होतं. माझी आजी गेली तेव्हा आबांच्या धाकट्या भावाला, दादूकाकाला, दौंडला निरोप गेला होता. काका तिकडे रेल्वेत गँगमन. पण दिवस कलला, लोकांनी घाई केली आणि आबांनी माती उरकून घेतली. काका धापा टाकत घोड नदीवर पोचले तेव्हा राख निवत होती. "मला आईचं तोंड बघू दिलं न्हाईस. आता मी तुझं बघायचा न्हाई," एवढं बोलून ते आले तसे परत गेले. तेव्हा मी शाळेत होतो. माझ्या लग्नालासुद्धा काका आले नाहीत.

"मला ठिव," आबा म्हणाले. "दादू येस्तवर ठिव. यील तो."

मी हो म्हटलं. बापाला हो म्हणायला काय जातं?

आबा गेले ते भर वैशाखात, बाजारच्या दिवशी, सकाळी. मला काही सुचेना. रडायलाही येईना. दौंडला तार केली आणि सोडा-लिंबूवाल्या लतीफभाईंकडे पळालो. शिरूरमध्ये बर्फ असायचा तो त्यांच्याकडेच.

"आबांसाठी? सगळ्या लाद्या न्या," लतीफभाई म्हणाले. "आज गोळे बंद."

लाकडाच्या भुशात गुंडाळलेल्या लाद्या आम्ही आबांच्या चारी बाजूंनी रचल्या. दुकानात त्या गुलाबाच्या पाकाच्या बरण्यांशेजारी ठेवलेल्या असायच्या, पाकानं चिकट झालेल्या. तासाभरात आबांना थंडावा किती मिळाला ते देव जाणे, पण गावातल्या सगळ्या माशांना आवतण मिळालं.

त्यात माणसं येऊ लागली. ओसरी चिंचोळी, ऊन कडक, बायका आबांच्या अंगावर पडून रडतायत, लाद्या ढकलल्या जातायत. आणि माझ्यातला रशिया जागा झाला. शिष्टमंडळासाठी शिवलेला बंद गळ्याचा काळा कोट मी चढवला (वैशाखात!), आबांच्या उशाशी उभा राहिलो आणि जाहीर केलं, "रांगेनं या. उजवीकडनं शिरा, डावीकडनं निघा. थांबू नका. रडू नका."

"रडू नका?" आत्या उसळली. ही आबांची पाठची बहीण, दादूकाकाच्या वरची. "माझा भाऊ हाय का सर्कशीतला वाघ, नुसता बघून म्होरं जायाला?"

"आत्या, मागं लोक खोळंबलेत."

"तुझा रशिया घाल चुलीत," असं म्हणून ती तरातरा आतल्या खोलीत निघून गेली. मला तेवढीच गर्दी कमी झाल्यासारखं वाटलं.

रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि मग कशाची ते विचारायचं, असे ते दिवस. रेशनच्या मिलो ज्वारीला रांग, रॉकेलला रांग. बाजारला आलेली माणसं पिशव्यांसकट उभी राहू लागली. कवठे येमाईचा एक गडी हातात डबा घेऊनच आबांपर्यंत पोचला आणि दचकून म्हणाला, "रॉकेल न्हाई व्हय?" तरी त्यानं हात जोडले, आणि मी त्याला पुढे काढला.

उन्हं उतरू लागली. बर्फाचं पाणी ओसरीवरून अंगणात वाहत होतं. भावकीतले सखाराम आप्पा तिसऱ्यांदा आले.

"आता बास कर. अंधार पडायच्या आत उरकाय पायजे."

"दादूकाका यायचेत."

"तुझ्या लग्नाला आला व्हता का? दौंडची यष्टी कवाच यिऊन गेली. न्हाई यायचा तो."

मी आणखी थोडा वेळ मागून घेतला. रांग संपता संपेना. आप्पा डोक्यावर उभे, माशा आबांवर, मी घामानं निथळतोय. रांगेत एक म्हातारा आला. रस्त्याच्या धुळीनं पांढरा झालेला, तोंडाला उपरणं गुंडाळलेलं. तो आबांच्या पायाशीच अडला आणि उपरण्याची गाठ सोडू लागला. ती काही सुटेना.

"मामा, थांबू नका," मी मधे होत म्हणालो. "म्होरं सरका."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग सरकला.

त्यानंतर थोड्या वेळानं मी हार पत्करली. आबांना घोड नदीवर नेलं. नदीवर शेवटचं तोंड दाखवलं तेव्हाही मी रस्त्याकडे बघत होतो. कुणीच येत नव्हतं. बापाला दिलेला एवढा एक शब्द मला पाळता आला नाही, आणि आग देताना मला तिथे पहिल्यांदा हुंदका फुटला.

माणसं पांगली. घरी आलो तर आत्या अंगणात लिंबाखाली बसलेल्या कुणाच्या तरी गळ्यात पडून मोठमोठ्यानं रडत होती. "दादू, दादू." उपरणं आता खांद्यावर होतं. तोंड आबांचंच, फक्त धुळीनं माखलेलं.

मी पाय धरले. "काका, कधी आलात?"

"गाडी चुकली. कांद्याच्या ट्रकवर बसून आलो. पोचलो व्हतो रं येळंवर." ते सावकाश बोलत होते. "रांगेत उभा राह्यलो. तू म्हणालास, मामा, म्होरं सरका. मला वाटलं, वळखूनच हाकललंस. बापाचा राग पोरानंबी धरलाय. मंग नदीवर कशाला येऊ?"

"काका, आबांनी तुमच्यासाठीच थांबायला सांगितलं होतं. दिवसभर तुमच्यासाठीच..."

काकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"आबांचं तोंड तरी दिसलं का?" मी विचारलं.

"तू मधी उभा व्हतास," काका म्हणाले.

अजूनही एखादा विचारतो, रशियात बघण्यासारखं काय आहे? मी सांगतो, घंटा बघा, तोफ बघा, जमिनीखालची रेल्वे बघा, आणि रांग मात्र तिथेच ठेवून या. माझा काका आपल्या माणसांची तोंडं बघायला दौंडहून दोनदा शिरूरला आला. पहिल्यांदा त्यानं आईची राख पाहिली आणि दुसऱ्यांदा माझा कोट.