मागच्या वर्षीचा कागद

थंडीचा नाही हो, मला कागदांचा कंटाळा आलाय. नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला आले ती नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला धरून. तो चिपची मशिनं बनवणाऱ्या कंपनीत, मी घरात. भिंतींशी बोलून बोलून जीव विटला तेव्हा डच शिकले, परीक्षा दिल्या आणि बोआ झाले. बोआ म्हणजे पोलिस नव्हे, पण वर्दी घालून गुन्हा नोंदवायचा अधिकार असलेला माणूस. माझ्या वाट्याला सरकारी जंगल आलं. जिने पुण्यात कधी झुरळ मारलं नाही ती इथे शिकाऱ्यांना पकडते, असं नवरा प्रत्येक पाहुण्याला सांगतो आणि स्वतःच हसतो.

नियम तसे सोपे आहेत. बंदुकीचा परवाना पोलिसांकडून. सरकारी जमिनीवर शिकार करायची तर जंगल खात्याची लेखी परवानगी वेगळी, दर वर्षी नवी. जंगलाचा कुठला तुकडा, कुठलं जनावर, सगळं त्यात लिहिलेलं. दोन्ही कागद जवळ पाहिजेत आणि रविवारी बंदूक घरात. एवढंच. पण एवढ्याशासाठी माणसं काय हुज्जत घालतात, देवा! कागद गाडीत राहिला, कागद भावाकडे आहे, आणि सगळं संपलं की, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" पूर्वी चिडायचे. आता बूट ओले असतात, गुडघा ठणकत असतो, कोण भांडत बसतंय.

या सगळ्यांत एक म्हातारे मात्र गुणी होते. सत्तरी उलटलेले, गाई विकून मोकळे झालेले शेतकरी. तोंडाने मी त्यांना 'मेनेर', म्हणजे महाशय, म्हणायचे, मनात काका. मला पाहिलं की मचाणावरून उतरायचे, बंदूक रिकामी करायचे आणि न मागता प्लॅस्टिकची फाइल पुढे करायचे. आत कागद कसे, तारखेप्रमाणे लावलेले. "बायको लावते," म्हणायचे. "मला त्यातलं काही कळत नाही."

पहिल्याच हिवाळ्यात त्या बायकोने माझ्यासाठी निळ्या झाकणाच्या डब्यातून अ‍ॅपलमूस पाठवलं. घरच्या सफरचंदांचा शिजवलेला गोड गर. थंडीने माझे दात वाजत होते म्हणे. तेवढं घेतलं तर कुणाची हरकत नव्हती. चूक पुढे झाली, आणि ती आपल्याकडचीच बाई करू जाणे. डबा धुतला खरा, पण रिकामा परत करवेना. आई शेजारणीचं भांडं कधी रिकामं पाठवायची नाही. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी टाकायचीच. मी शंकरपाळी भरून दिली. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, त्यांनी पुन्हा डबा भरून पाठवला. मग माझा चिवडा, मग त्यांचा केक. दोन वर्षं तो डबा जंगलातून ये-जा करत होता. लेक एकदा डचमध्ये म्हणाली, आई, याला भ्रष्टाचार म्हणतात. मी म्हटलं, गप गं, आली मोठी न्यायाधीश.

गेल्या पानगळीत त्यांची बायको गेली. त्यांनी मला ते मचाणाखाली उभं राहून सांगितलं, हवामान सांगावं तसं. शिकार तेवढी राहिलीय, म्हणाले, नाहीतर दिवस कशाला उजाडतो तेच कळलं नसतं.

नंतर फेब्रुवारीतली एक सकाळ, नीट उजाडलंही नव्हतं. गवतावर बर्फाचा पापुद्रा. काका उतरले, बंदूक रिकामी केली आणि आधी डबा माझ्या हातात दिला. "या वेळी मी केलंय. थोडं लागलंय तळाला." मग फाइल. मी नेहमीसारखी उघडली. परवानगी मागच्या वर्षीची. मागचं पान बघितलं, कप्पे चाचपले. नवी नव्हतीच.

"मेनेर, या वर्षीचा कागद?"

"ती ठेवायची ना त्यात," म्हणाले.

खात्याचा ईमेल बायकोच्या नावावर जायचा. अर्ज ती करायची, कागद ती छापायची. ती गेल्यावर तो ईमेल कुणी उघडलाच नव्हता.

आता खरं सांगते. आमच्या हातात थोडी मुभा असते. म्हातारा माणूस, कधी आगळीक नाही, घरात मृत्यू झालेला. समज देऊन, घरी जाऊन आजच अर्ज करा म्हणून सोडता आलं असतं. दुसऱ्या कुणाला मी सोडलंच असतं. पण माझ्या हातात तो डबा होता, अजून कोमट. ज्याच्या घरचं दोन वर्षं खाल्लं त्याला कुठल्या तोंडाने सोडू? असा राग आला मला. त्यांचा नाही, माझा, माझ्या शंकरपाळ्यांचा!

ते एकदा जरी गयावया करते तरी बरं वाटलं असतं. "आता काय होईल?" एवढंच विचारलं. मी सांगितलं: मी गुन्हा नोंदवणार, तो पोलिसांकडे जाणार, बंदुकीचा परवाना राहील की नाही ते पोलिस ठरवणार. त्यांनी मान हलवली आणि लिहायला सोपं जावं म्हणून माझी बॅटरी धरून उभे राहिले.

डब्याचं मीच साहेबांना कळवलं. फॉर्मवर एक रकाना होता, भेट का स्वीकारली. मी लिहिलं, डबा रिकामा परत करता येत नव्हता म्हणून. साहेबांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. माणूस वाईट नाही. माझा भाग बदलला, आणि तो डबा परत करा म्हणाले, आत काही न घालता.

काकांच्या बंदुका गेल्या. परवानाही गेला. पोलिसांच्या पत्रातून मला ते कळलं.

ते करपलेलं अ‍ॅपलमूस मी सगळं खाल्लं. टाकवेना. डबा घासला, पुसला, झाकण लावलं, बॅगेत ठेवला. पुन्हा काढला. आणि नियम गेला चुलीत म्हणून एक चिमूट साखर टाकली.

दुपारी त्यांच्या घरी गेले. स्वयंपाकघरात घड्याळाची टिकटिक आणि टेबलावर ती फाइल. त्यांनी डबा हातात घेतला, झाकण उघडलं आणि खिडकीच्या उजेडात धरून आत बघितलं. सांगावं असं वाटलं, की ही साखर आहे, आमच्याकडे असं करतात. पण ज्या हाताने गुन्हा लिहिला त्याच हाताची साखर, काय सांगणार?

"थोडं चिकटून राहिलंय," ते म्हणाले, मला ओशाळं वाटू नये म्हणून अगदी हळू. मग नळ सोडला, डबा विसळला आणि फडक्याने पुसून उपडा ठेवला.

"झाला स्वच्छ."

मी हो म्हटलं.