करवंटीखालचं कडं

मालन धाकूची बायको होऊन घरात आली ती जळका स्वभाव बरोबर घेऊनच. शेजारणीच्या वालाला आधी शेंगा धरल्या तरी हिचं तोंड उतरायचं. बाकी बाई कामाला वाघीण. ठाण्याच्या खाडीवरून आगगाडी धावायला लागून पाव शतक झालं होतं, पण कोलशेतच्या मिठागरातलं मीठ अजून बायकांच्या डोक्यावरूनच राशीला जात होतं, आणि मालनसारखी शिगोशीग टोपली दुसरी कुणी उचलत नसे.

लेक झाली, चांगुणा. ती रांगायला लागली तशी मालन पुन्हा मिठागरावर जाऊ लागली आणि पोर राहिली धाकूच्या थोरल्या बहिणीजवळ, गोदूबाईजवळ. गोदूबाई विधवा, पोटी मूलबाळ नाही. मिठाच्या पाण्यात उभं आयुष्य काढून तिच्या पायांना चरे पडले होते, म्हणून ती घरीच असे. वाळक्या भोपळ्यात बिया खुळखुळव, पातेल्यावर पळी वाजव, पदराआड तोंड लपवून ‘कुक’ कर, असे तिचे दिवसभर उद्योग चालत. चांगी खिदळायची. संध्याकाळी मालन घामाघूम होऊन परतू लागली की ते खिदळणं तिला रस्त्यावरूनच ऐकू यायचं आणि तिच्या जिवाचा तिळपापड व्हायचा. नऊ महिने पोटात वाढवलं कुणी, आणि हसतेय कुणाकडे बघून! पोर तिच्याकडे झेपावायची, अंगावर प्यायची. पण मालनला ते कुठलं दिसायला? तिला दिसायची ती नणंदेच्या मांडीची सवय.

एके दिवशी तिनं लेकीला उचलून कंबरेवर घेतलं. ‘‘वन्स, आजपासून पोर माझ्यासंगं येल.’’

‘‘अगो, तिथं ऊन किती!’’

‘‘आयस हाय मी तिची. मना समजतं.’’

चांगीच्या मुठीत खेळण्यातली एक करवंटी होती, ती तशीच गेली.

मिठागरावर मालननं झावळ्यांच्या सावलीत पोरीला बसवलं आणि टोपली घेऊन निघाली. खरं सांगायचं तर पोरीनं रडावं अशीच तिची इच्छा होती. चार बायकांदेखत आकांत करावा, म्हणजे कळेल सगळ्यांना आई कोण ते. पण चांगी रडली नाही. आई गेली त्या बाजूला तिनं पाहिलं आणि करवंटीशी खेळत राहिली. ‘‘काय गुनाची पोर गो तुझी!’’ बायका म्हणाल्या. मालनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुपारी ती मुद्दाम मिठाच्या राशीमागं लपली. चांगीनं करवंटी उचलली, खाली पाहिलं. पालथी घातली. पुन्हा उचलली. खाली नुसता चिखल. मग मात्र तिनं जो हंबरडा फोडला, तो मालननं उराशी धरलं तरी लवकर थांबला नाही.

घरी येताच तिनं नणंदेवर तोंड सोडलं. ‘‘काय शिकवलंव माझ्या पोरीला? आयस गेली तर डोल्यांत पानी नाय, आन करवंटीखाली काय नाय म्हनून ऊर फोडते!’’

गोदूबाईनं ऐकून घेतलं. मग कोनाड्यातून मालनचं कथलाचं कडं काढलं. खारं पाणी कथील खातं, म्हणून मालन ते रोज सकाळी तिथं काढून ठेवून जाई. गोदूबाईनं ते जमिनीवर ठेवून वर करवंटी पालथी घातली.

‘‘आयस कुठं गेली?’’

चांगीनं झटक्यात करवंटी उडवली, कडं उचललं आणि वळून मालनपुढं धरलं.

‘‘तू गेलीस का रडून रडून निली पडायची पोर,’’ गोदूबाई म्हणाली. ‘‘मंग तुझं कडं झाकायला लागले. आयस जाते पन येते, येवढंच शिकवलंय तिला. दुसरं काय नाय.’’

मालननं कडं हातात चढवलं, आणि त्या रात्री ती जेवली नाही.

सकाळी तिनं ते काढलं. कोनाड्यात न ठेवता नणंदेच्या हातात दिलं, लेकीला तिच्या मांडीवर बसवलं आणि निघाली. बांधापर्यंत जाऊन मागं फिरली. कुडाच्या फटीला डोळा लावून उभी राहिली.

आत करवंटी उलटली. कडं सापडलं. चांगी हसली, ती गोदूबाईकडे बघून. आत शिरावं, पोरीला ओढून घ्यावं असं मालनला फार वाटलं. पण आत्ता ती दिसली असती तर निघताना पोर पुन्हा रडली असती. संध्याकाळपर्यंत आई गेलेलीच असायला हवी होती. तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि पावलांचा आवाज न करता मिठागराची वाट धरली.