सुमनबाईंचा लसीचा डबा

वाचकहो, सावरून बसा. आटपाडी तालुक्याच्या आरोग्याविरुद्ध घडलेला एक भयंकर गुन्हा आज मी कबूल करणार आहे. गुन्हेगार मीच. सोसावं मात्र लागलं सुमनबाईंना.

नव्वदच्या दशकात मी उपकेंद्रात नवा आरोग्यसेवक होतो आणि सुमनबाई नर्स. मूळच्या वाईच्या, आमच्या माळावर वर्षानुवर्षं चालून त्यांच्या चपलांचे अंगठे कायम शिवलेले. लसीचा डबा खांद्याला आणि पदर स्वतःच्या डोक्यावर नाही, डब्यावर. "मला ऊन सोसतं रे, लसीला नाही." दारोदारी "नगं, नगं" ऐकून परतल्या की पायरीवर बसून पोटऱ्या चोळायच्या. "दमले बाबा," म्हणायच्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच दारांत.

त्यातलं सगळ्यात घट्ट दार तान्हूआजीचं. थोरल्या नातवाला टोचल्यावर ताप आला होता, म्हणून तान्ह्या नातीला आजी बाईंच्या नजरेलाही पडू देत नव्हती. अशात शेजारच्या वस्तीवर डांग्या खोकला आला. पोरं खोकून खोकून निळी पडू लागली.

बाई आजीच्या ओट्यावर टेकल्या. "आजी, कुस्तीआधी पैलवान तालमीत काय करतो?"

"काय करतोय? डाव घोटतोय."

"अंगातही पैलवान असतात. लसीत मेलेला जंतू असतो. त्याच्यावर ते डाव घोटतात. मग खरा आला की ओळखून आडवा करतात. ताप म्हणजे आखाड्यातली माती उडाली, एवढंच."

"बगू," आजी म्हणाली. आणि बुधवारी लस टोचायच्या दिवशी नातीला काखेत मारून देवळापुढं हजर! मागोमाग सगळी वस्ती.

त्या दिवशी डबा मी भरला होता. जितकं गार तितकं बरं, म्हणून फ्रीजरमधले दगडासारखे आइसपॅक मी थेट बाटल्यांना भिडवून ठासले होते. बाईंनी बाटली हलवून उजेडात धरली. पांढरा चुरा भराभर तळाशी बसला.

"गोठली रे. आता हिचा भरवसा नाही."

मी कुजबुजलो, "आइसपॅक मीच ठासले. टोचून टाका, बाई. कुणाला कळतंय? परत कोण येणार हितं?"

त्यांनी बाटली बाजूला ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. इतका थकलेला चेहरा मी पुन्हा पाहिला नाही. मग गर्दीकडे वळल्या. "आमची चूक झाली. ही लस बाद आहे. आज नवी घेऊन येते. उद्या याल का?"

कुणी हलेना. मी चपला शोधू लागलो. तेवढ्यात अगदी पुढ्यात उभी राहून आमची कुजबुज ऐकलेली तान्हूआजी माझ्याकडे बोट रोखून ओरडली, "आवं बाई, उद्या पयली सुई माज्या नातीलाच! पर त्या डब्याला ह्या येड्याचा हात लागू दिऊ नगा!"